शाळेची परसबाग : काही प्रश्न व त्यांची उत्तरे

(शिक्षक-संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागील संमेलनाच्या अखेरीस मी आपणांस एक विनंती केली होती. शाळेच्या परसबागेसंबंधी मुले, पालक किंवा पोषण आहार शिजविणाऱ्या भगिनी जे प्रश्न विचारतात, आणि ज्यांचे उत्तर देताना आपली अडचण होते, असे प्रश्न चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे पाठवावेत, अशी ती विनंती होती. आपण ती मनावर घेतलीत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. बीटातील जवळजवळ सर्व शाळांकडून चिठ्ठ्या आल्या. काहींचे अक्षर मुलांचे आहे; गुरुजींनी वही पुढे सारून "तूच लिही" असे म्हटलेले दिसते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शाळेत बागकाम असावे ही गोष्ट काही नवी नव्हे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मूलोद्योगी शिक्षणाची जी कल्पना पुढे आली, तीत मातीत हात घालण्यास मानाचे स्थान होते. पुढे आपल्याकडील पुष्कळ शाळांतून कुदळी-खुरपी अडगळीत गेली. अलीकडे पोषण आहाराच्या निमित्ताने परसबाग पुन्हा शाळेत आली आहे. तिच्याबरोबर पाखरे, अळ्या, बेडूक आणि क्वचित साप हेही शाळेत आले, आणि त्यांच्यामागून प्रश्न आले.

चिठ्ठ्या वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बहुतेक प्रश्नांच्या शेवटी 'कोणते औषध मारावे?' किंवा 'बंदोबस्त कसा करावा?' असे शब्द आहेत. 'तेथे काय पाहिले' हे मात्र फार थोड्यांनी लिहिले आहे. अळी कोणत्या पानावर होती, दिवसा होती की रात्री, साप कोठून आला व कोणीकडे गेला, हे कळल्याशिवाय उत्तर देणारा मनुष्य अंधारात दगड मारीत असतो. हे मी अनुभवाने बोलतो. त्या अनुभवाकडे मी येणारच आहे.

सर्वाधिक चिठ्ठ्या सापाविषयी आहेत. नागपंचमी नुकतीच होऊन गेली, पाऊसही चालू आहे, तेव्हा त्यात नवल नाही. एका शिक्षकाने लिहिले आहे की पालक म्हणतात, "तुम्ही शाळेत झाडे लावली म्हणून साप निघू लागले, बाग काढून टाका." यास काय उत्तर द्यावे?

उत्तर देण्यापूर्वी शाळेभोवती एक फेरी मारावी, असे मी सुचवीन. साप मेथी-पालक खाण्यास येत नाही, आणि दूध पिण्यासही येत नाही. तो येतो उंदरांच्या व बेडकांच्या मागावर, नाहीतर लपण्यास जागा आहे म्हणून. आता उंदीर कोठे आहेत ते पाहा. ते मेथीच्या वाफ्यात नाहीत. ते आहेत तांदळाच्या पोत्यांजवळ. ज्या खोलीच्या दाराखाली दोन बोटे फट आहे, जेथे पोती थेट फरशीवर टेकलेली आहेत आणि डाळीचे सांडलेले दाणे तसेच पडून आहेत, ती खोली हे सापाचे खरे आमंत्रण होय. दुसरे आमंत्रण म्हणजे जुन्या वर्गखोलीचा पाडून ठेवलेला दगड-विटांचा ढीग. 'पुढे बांधकामास उपयोगी पडेल' म्हणून तो वर्षानुवर्षे कुंपणाशी पडून राहतो. तिसरे, सरपणाची रास. तेव्हा बाग उपटण्यापूर्वी धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे, दाराच्या फटीस पत्र्याची पट्टी ठोकावी, दगडांचा ढीग हलवावा आणि सरपण जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर रचावे. पालापाचोळ्याचा खतखड्डा वर्गापासून व मुलांच्या वाटेपासून दूर, मैदानाच्या टोकास असावा. वाफ्यांमधील वाटा खुरपून स्वच्छ ठेवाव्यात. इतके करूनही एखादी धामण दिसली तर ती उंदरांसाठी आली आहे असे समजावे. तिला विष नसते. नाग, घोणस किंवा धामण मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही पालकांस सांगावे. मात्र कायद्याचा धाक हा पहिला मुद्दा करू नये. मुलांना लांब न्यावे, एकाने दुरून साप कोठे जातो त्यावर नजर ठेवावी आणि वनविभागास किंवा अनुभवी सर्पमित्रास कळवावे.

दुसरा प्रश्न असा : 'विषारी साप चावला आहे हे कसे ओळखावे?' चार-पाच जणांनी हाच प्रश्न विचारला आहे. येथे मला थांबावयाचे आहे.

१९९४ च्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. मला नोकरीस लागून दोन वर्षे झाली होती. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला होता, आणि उमरगा भागातील ज्या गावी मी होतो तेथील पुष्कळ कुटुंबे अजून पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहत होती. माणसे जमिनीवरच अंथरूण टाकून निजत. एका रात्री दोनच्या सुमारास माझ्या तिसरीच्या वर्गातील एका मुलाचे वडील दाराशी आले. पोराच्या पोटात दुखते आहे, झोपेत बोटाला काही तरी टोचल्यासारखे झाले म्हणतो, गुरुजी जरा पाहता का, असे ते म्हणाले. मी कंदील घेऊन गेलो. बोट निरखून पाहिले. सूज नव्हती, रक्त नव्हते, दातांची खूणही मला दिसली नाही. पुस्तकात मी वाचले होते की विषारी दंशाने दोन खोल खुणा उमटतात व सूज येते. मुलांना शिकविलेही तसेच होते. मी म्हणालो, "विषारी असते तर एव्हाना हात सुजला असता. किडामुंगी असेल. पोट आवळले असेल. सकाळी पाहू."

गुरुजींनी सांगितले म्हणून ते निर्धास्त होऊन परत निजले.

पहाटे मुलाच्या पापण्या जड झाल्या. त्याला झोप येते आहे असे आईस वाटले. मग त्याला पाणी गिळता येईना. जीप मिळून निघेपर्यंत उजाडले होते, आणि तो वाटेतच गेला. दवाखान्यातील डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितले, "मण्यार असणार. मण्यार चावली तर बहुधा सूज येत नाही, दुखतही नाही. खूण मुंगीच्या चाव्याएवढीसुद्धा दिसत नाही. पोटात दुखणे हीच तिची पहिली सूचना." मी ज्यास विष नसल्याची खूण समजलो, ती या सापाच्या विषाची खूण होती. माझ्या एका उत्तराने त्या मुलाचे चार तास घेतले. त्याचे वडील पुढे पुष्कळ वर्षे मला भेटत. त्यांनी कधी एका शब्दानेही विचारले नाही.

म्हणून 'कसे ओळखावे' या प्रश्नास माझे उत्तर असे आहे की ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. दंशाची नुसती शंका आली तरी रुग्णालय गाठावे. आपल्याकडे माणसांचे बळी घेणारे साप प्रामुख्याने चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. या चारींच्या विषावर चालणारे प्रतिसर्पविष एकच असते, आणि डॉक्टर लक्षणांवरून ते देतात. त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. दंश झालेल्यास धीर द्यावा, चालू देऊ नये, हात किंवा पाय लाकडी पट्टीस सैल बांधून स्थिर ठेवावा, अंगठी-बांगडी-करदोटा काढून ठेवावा, आणि १०८ क्रमांकावर कळवून किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. दंशाची वेळ कागदावर लिहून सोबत द्यावी. दोरीने आवळणे, पात्याने चिरणे, तोंडाने विष ओढणे, मिरची-कडुनिंब खावयास देऊन चव विचारणे, मंदिरात नेऊन बसविणे, यांपैकी काहीही करू नये. पापण्या मिटू लागणे, बोलणे जड होणे, गिळता न येणे, हिरड्यांतून रक्त येणे ही लक्षणे दिसण्याची वाट पाहत घरी थांबणे, हाच तो माझा जुना अपराध.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांत चतुर्थांशाहून अधिक १५ वर्षांखालील मुले होती. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्र शासनाने २०२४ च्या कृती आराखड्यात ठेवले आहे. आराखडा आपल्या गावापर्यंत यावयाचा तर दोन गोष्टी आपणच कराव्या लागतील. जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविष आहे की नाही, हे आज-उद्या प्रत्यक्ष जाऊन विचारावे व रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लिहावा. आणि पालकसभेत सांगावे की पावसाळ्यात मुलांना जमिनीवर निजवू नये. खाट असेल तर खाटेवर, नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून निजवावे. मण्यार रात्री घरात शिरते, आणि तिच्या वाटेत ही खोचलेली जाळी पुष्कळदा पुरेशी ठरते.

कवड्या आणि मण्यार यांतील फरक एका चिठ्ठीत विचारला आहे. कवड्याचे पांढरे पट्टे मानेकडे ठळक असतात व शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट असतात. हा फरक चित्रावर शिकवावा. जिवंत सापाजवळ जाऊन पट्टे मोजण्यास कोणी जाऊ नये, शिक्षकाने तर मुळीच नाही.

विंचवाचे थोडक्यात सांगतो. दगड हलविण्याचे काम मोठ्यांनीच करावे, मुलांस सांगू नये. लाल विंचू चावल्यावर मुलास दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर ते दुखणे बोटापुरते राहिलेले नाही. ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध लागू पडते, हे जगाच्या नजरेस आणून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या मराठवाड्यातीलच, जालना जिल्ह्याचे. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करीत असताना विंचुदंशाच्या रुग्णांचे निरीक्षण करून, टिपणे ठेवून त्यांनी हे काम उभे केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातील नोकरीत काय करता येणार असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी मी हे नाव मुद्दाम घेतले.

आता बागेत जाऊ. शेवग्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात, त्यांचे काय करावे, असे पुष्कळांनी विचारले आहे. या अळ्या पावसाळ्यात येतात. दिवसा त्या खोडावर दाटीने स्वस्थ बसतात आणि रात्री वर चढून पाला फस्त करतात. म्हणजे त्यांना गाठण्याची वेळ दिवसाची, आणि जागा हाताशी आलेली. लांब काठीस चिंधी बांधून पुंजका साबणाच्या पाण्याच्या बादलीत खरवडून पाडावा. काम मोठ्याने करावे आणि अंगभर कपडे घालून करावे. त्या केसांनी अंगास खाज सुटते. शेवगा कमरेएवढ्या उंचीवर छाटून ठेवला तर पालाही हाताशी राहतो, अळ्याही दिसतात, आणि वाऱ्याने फांद्या मोडत नाहीत. गावोगावी शेवगा घराच्या छपराहून उंच वाढू देतात आणि मग शेंगेसाठी मुलास वर चढवितात. शेवग्याची फांदी ठिसूळ असते. तेवढे तरी थांबवावे.

'शेतातील फवारणीचे औषध शाळेच्या बागेत थोडे मारले तर चालेल काय?' या प्रश्नाखाली नाव नाही. ते मी विचारणारही नाही. उत्तर मात्र एकच आहे : चालणार नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी शाळेचे माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे कीटकनाशक मिसळले गेले होते, असे तपासणीत आढळले. तेथे कोणी फवारणी करीत नव्हते. विष केवळ स्वयंपाकाजवळ पोचले होते. यास्तव औषधाची बाटली, तिचा रिकामा डबा, फवारणीचा पंप, यांपैकी काहीही शाळेच्या आवारात येऊ देऊ नये. सोयाबीनच्या औषधाचा रिकामा डबा पाणी घालण्यास 'चांगला भक्कम' म्हणून मी स्वतः एका शाळेत पाहिला आहे. तो मी तेथेच फोडावयास लावला आणि खोल पुरला.

निंबोळी अर्काने बरेच काम भागते. ज्यांनी जून-जुलैत निंबोळ्या वेचून सावलीत वाळविल्या असतील, त्यांनी एक लिटर पाण्यास ५० ग्रॅम या प्रमाणात कुटलेली भुकटी रात्रभर भिजत घालावी, सकाळी फडक्याने गाळून त्यात साबणाचे थोडे पाणी मिसळावे आणि उन्हे कलल्यावर त्याच दिवशी फवारावे; शिळे ठेवू नये. मावा पडला असेल तर आधी पानाखाली पाहावे. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे तेथे असतील तर दोन-चार दिवस काहीच करू नये. ढालकिडा व त्याची अळी, दोन्ही मावाच खातात. दोन-चार दिवस 'काही न करणे' हे गुरुजींना अवघड जाते, कारण अधिकारी कधी येतील याचा नेम नसतो. मी येईन तेव्हा किडलेले पान पाहून शेरा लिहिणार नाही, असे येथे सर्वांसमक्ष सांगून ठेवतो.

शाळेच्या जुन्या माळ्यावर घुबड राहते, गावकरी अशुभ मानतात आणि हाकलण्यास सांगतात, अशी एक चिठ्ठी आहे. बदामी पाठीचे, पांढऱ्या चपट्या चेहऱ्याचे हे गव्हाणी घुबड असावे. ते उंदीर सबंध गिळते, आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून ओकून टाकते. माळ्याखाली अशा काळसर गोळ्या पडलेल्या सापडतील. त्या चिमट्याने उचलून कडक उन्हात चांगल्या वाळवाव्यात, मग वर्गात कागदावर ठेवून काडीने उकलाव्यात. आत उंदराच्या कवट्या, जबडे, बरगड्या सुबक निघतात. हात साबणाने धुवावेत. एका शाळेतील मुलांनी अशा कवट्या मोजून फळ्यावर आकडा लिहिला आणि सरपंचांना बोलावून दाखविला. ते घुबड अजून तेथेच आहे.

मोर रोपे उकरतात, वानरे येतात, यांवर माझ्यापाशी फारसे नवे उपाय नाहीत. रोपे वीतभर होईपर्यंत वाफ्यावर बोरी-बाभळीच्या काट्या अंथराव्यात, मोर पुढे सरकतो. वानरांचा कळप ज्या गावी आहे तेथे काकडी-मक्याच्या नादी लागू नये. कढीपत्ता, हळद, मिरची, अळू लावावे. पाखरांसाठी पाण्याची वाटी ठेवता हे उत्तम. मात्र ती दोन दिवसांआड घासून धुवावी, अन्यथा आपण चिमण्यांपेक्षा डासांची सोय अधिक करतो. व्हरांड्यात लोंबणारे शिंजीराचे घरटे मुलांनी दुरून पाहावे; पिले उडून जाईपर्यंत त्या तारेस कोणी हात लावू नये.

पाण्याविषयीचे प्रश्न मला अधिक गंभीर वाटले. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातुरास रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते दिवस आपण विसरलेलो नाही. ज्या गावी आया टँकरपुढे घागरी घेऊन उभ्या आहेत, तेथे शाळेने वाफे भिजविणे मला योग्य वाटत नाही. परसबाग जून ते फेब्रुवारी चालवावी, आणि मार्चपासून वाफ्यांना विश्रांती द्यावी. उन्हाळ्यात शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशी थोडी झाडे तेवढी जगवावीत. त्यांच्या शेजारी झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकण ठेवावे. पाणी झिरपत मुळांशी जाते, वर उडून जात नाही. भरण्यास तांदूळ धुतल्याचे व हात धुतल्याचे पाणी पुरते. आळ्यात वाळलेला पाला जाड अंथरावा. हाच पाला आपण झाडून, ढीग करून पेटवितो. निरीक्षणाच्या आदल्या दिवशी तर हमखास.

पपईस फुले येतात, फळ नाही, असे एका भगिनीने लिहिले आहे. लांब देठावर लोंबत्या झुबक्यांनी फुले येत असतील तर ते झाड नर आहे. त्यास फळ धरणार नाही. बी लावताना एका खड्ड्यात तीन-चार रोपे लावावीत, फुलावर आल्यावर मादी ठेवून बाकीची काढावीत, आणि दहा झाडांमागे एक नर राखावा.

शेवटची चिठ्ठी चौथीतील एका मुलीची आहे. 'दुधीला रोज फुले येतात आणि गळून जातात. गुरुजी म्हणाले खत कमी आहे. खत घातले तरी गळतात.' तिच्या गुरुजींना मी दोष देत नाही, कारण ते फूल त्यांना उमललेले बहुधा कधी दिसलेच नसेल. भोपळा-काकडीची पिवळी फुले सकाळी उमलतात. दुधीचे पांढरे फूल उमलते सायंकाळी, आणि त्यावर येणारे पतंग रात्रीचे. शाळा सुटून कुलूप लागल्यानंतरचा हा कारभार आहे. जी फुले बारीक लांब देठावर येतात ती नर, ती गळणारच. ज्या फुलाखाली बोटाएवढी केसाळ दुधी आधीच दिसते ते मादी फूल. पतंग कमी असतील तर सायंकाळी ताजे नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी केले तर बहुधा उशीर झालेला असतो.

या शाळेच्या मागील कुंपणावर दुधीचा वेल आहे. मी दुपारी पाहून आलो. तीन मादी फुले आज उमलतील असे दिसते. साडेपाच वाजत आले आहेत. ज्यांना एस.टी. गाठावयाची नाही त्यांनी चहा झाल्यावर माझ्याबरोबर तिकडे चलावे.